बाराव्या रांगेतला कॅमेरा

पिशवीतल्या शालीखाली हात घातला तेव्हा जयाच्या बोटांना काहीतरी गोल, गार आणि जड लागलं. पाण्याची बाटली नव्हती, डबाही नव्हता. तिने शाल बाजूला केली, खालचं जुन्या सुती साडीचं मऊ फडकं उलगडलं, आणि आतून कॅमेरा निघाला. काळा, कडा झिजून पितळ दिसायला लागलेला. पुढे वीतभर लांब भिंग.

“मॅडम, कॅमेरा आहे ना हा?” जयाने विचारलं.

“हो, एकटीच आले आहे,” समोरच्या बाई म्हणाल्या.

बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. सडपातळ बांधा, जांभळी इरकल, घट्ट अंबाडा. बोलणं स्वच्छ होतं, फक्त जरा मोठ्याने. जयाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आपण विचारलं काय आणि या सांगतायत काय? कॅमेरा आत नेता येणार नाही, काउंटरवर जमा करावा लागेल, असं तिने परत एकदा सांगितलं. बाई गोड हसल्या, “धन्यवाद” म्हणाल्या आणि पिशवी उचलून सरळ फाटकाकडे चालू लागल्या. जयाने त्यांचं मनगट धरलं.

मागच्या रांगेत कुजबुज झाली. बाईंनी आधी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग जयाकडे, आणि मग जयाचं बोट जिकडे होतं त्या फलकाकडे. फलकावर कॅमेऱ्याचं चित्र होतं आणि त्यावर तांबडी फुली. त्यांचा चेहरा उतरला. एक शब्द न बोलता त्या काउंटरकडे गेल्या, वहीत नाव-पत्ता लिहिला, टोकन घेतलं आणि आत गेल्या.

जयाला खटकलं ते हेच. अकरा वर्षं ती सिक्युरिटी एजन्सीत होती. मॉल, लग्नाचे हॉल, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम, सगळीकडे तिने लोकांच्या पिशव्या उलथ्यापालथ्या केल्या होत्या. ज्याच्याकडे काही सापडतं तो भांडतो, ओळखी सांगतो, निदान तोंड तरी वाकडं करतो. गप्प बसतो तो एकच माणूस. ज्याच्याकडे आणखी काही आहे.

मैदान घोडबंदर रोडला लागूनच होतं. मेट्रोच्या कामाची आणि तुंबलेल्या गाड्यांची धूळ फाटकापर्यंत येत होती, म्हणून जयाने आणि तिच्यासोबतच्या बायकांनी नाकातोंडावर स्कार्फ बांधले होते. शास्त्रीय संगीताचा महोत्सव, शुक्रवार ते रविवार, रोज दुपारी चार ते रात्री साडेनऊ. एरवी अशा ठिकाणी फाटकावर दोन म्हातारे स्वयंसेवक आणि गुलाबपाणी असायचं. यंदा मोबाइलच्या ॲपवर कार्यक्रम दाखवायचे हक्क एका कंपनीने घेतले होते, आणि कंपनीच्या अटी कडक होत्या. प्रेक्षकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर नारिंगी स्टिकर चिकटवायचा. भिंगवाला कॅमेरा कुणाचाही असो, आत जाता कामा नये.

डिसेंबरमध्ये पोरासोरांच्या एका कार्यक्रमात एका मुलीने तान्ह्या बाळाच्या लंगोटांच्या पिशवीतून कॅमेरा आत नेला होता. दुसऱ्या दिवशी अर्धा कार्यक्रम लोकांच्या फोनवर फिरला. ती पिशवी जयाने तपासली होती. बाळ झोपलंय म्हणून तिने हात आखडता घेतला होता, एवढंच. एजन्सीचं ते काम गेलं आणि जयाला माफीचा कागद लिहून द्यावा लागला. सुपरवायझर सुदेश तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने तो कागद वाचून खिशात घालताना म्हटलं होतं, “ताई, आता दुसरा नका लिहायला लावू.”

म्हणून साडेपाचला गर्दी ओसरल्यावर ती काउंटरवर गेली. सुदेश तोच कॅमेरा हातात घेऊन बघत होता. रोल घालायचा जुना कॅमेरा आहे, असले आता कोण वापरतं, असं तो म्हणाला. जयाच्या मनात शंका आली ती तिथेच. खरंच कोण वापरतं? तिने तो उघडून बघायला सांगितला. सुदेशने नकार दिला. लोकांची वस्तू जमा करून घ्यायची, उघडायची नाही, तो नियमच होता.

सातच्या सुमाराला आतल्या फेरीची पाळी तिची होती. जांभळी इरकल तिला बाराव्या रांगेत दिसली. बाईंची मान लांब झाली होती, डोळे बारीक केले होते, उजवा हात मांडीवर ताल देत होता. पुढच्या रांगेतला गृहस्थ जरा सरळ बसला की तो हात थांबे. मग बाई शेजारणीच्या हाताकडे बघत आणि थोड्या वेळाने त्यांचा हात परत चालू होई. जया खांबाआड उभी राहून बराच वेळ बघत होती. तिला वाटलं, ही बाई कुणालातरी खुणा करतेय. आत आपला माणूस पेरून ठेवलाय आणि आता त्याला काहीतरी सांगतेय. फेरी संपल्यावर तिने सुदेशला तसं बोलूनही दाखवलं. सुदेश हसला नाही. त्याने बाराव्या रांगेवर लक्ष ठेवायला सांगितलं.

शनिवारी बाई साडेतीनलाच आल्या. फाटक अजून उघडायचं होतं. जया टेबलाशी चहा पीत होती आणि स्कार्फ गळ्यात सैल पडला होता. बाईंनी पिशवी स्वतःहून टेबलावर ठेवली. आत तोच कॅमेरा.

जया तडकलीच. काल सांगितलेलं ना मॅडम, आज परत कशाला आणलात, असं तिने फटकन विचारलं.

“सांगितलं असेल तुम्ही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “काल तुमच्या तोंडावर स्कार्फ होता.”

बोलून गेल्यावर त्यांनी ओठ मिटले. जया कपातला चहा प्यायची थांबली. स्कार्फचा आणि सांगण्याचा काय संबंध? तिने कप ठेवला, स्कार्फ नाकावर ओढला आणि बाईंच्या डोळ्यांत बघत विचारलं, “तुमच्यामागे कोण उभंय?”

“आहे ना, घरून भरून आणलंय पाणी,” बाई म्हणाल्या.

त्यांच्यामागे कुणीच उभं नव्हतं. जयाने स्कार्फ हळूच खाली केला आणि ओठ नीट उघडून, आवाज न काढता विचारलं, “ऐकू येत नाही?”

बाईंनी पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. रांगेत अजून कुणी नव्हतं. काउंटरवरचा मुलगा टोकनं लावत होता. मग त्या पुटपुटल्या, “हळू बोला.”

बायकांची झडती घ्यायला हिरव्या कापडाचा आडोसा केला होता. जया त्यांना तिथे घेऊन गेली. दयेने नव्हे, तिला आता सगळं उलगडून बघायचं होतं. कॅमेरा उघडा, म्हणाली. बाईंनी बाजूची छोटी कळ वर ओढली आणि पाठीमागचं झाकण उघडलं. आत रोल नव्हता. धूळही नव्हती. स्वच्छ पुसलेली काळी पोकळी.

“मग रोल कुठंय?”

“रोल नसतोच यात. दोन वर्षं झाली. मी यातून फक्त बघते.”

मग त्यांनी सांगितलं ते जयाने त्यांच्याकडे संशयाने बघतच ऐकून घेतलं. नाव सुहासिनी. नौपाड्यात राहतात, चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवतात. तीन वर्षांपूर्वी आधी उजवा कान गेला, पुढच्या सहा महिन्यांत डावा. कानाचं मशीन लावून बघितलं. मशीनमधून आवाज येतो, पण सूर येत नाही. तंबोरा लावला तर मोरीत भांडी पडल्यासारखं वाटतं. म्हणून मशीन कपाटात ठेवून दिलं. कॅमेरा यजमानांचा. त्या भिंगातून बाराव्या रांगेतूनही गाणाऱ्याचा गळा दिसतो, ओठ दिसतात, तबलजीचं बोट शाईवर पडतं की काठावर ते दिसतं. तेवढं दिसलं की उरलेलं आतून वाजायला लागतं.

“मग दुर्बीण आणायची,” जया म्हणाली. तिला अजून कुठेतरी फट सापडायची होती.

“गाण्याला दुर्बीण लावून कोण बसतं? लोक विचारतील. कॅमेरा लावला की वाटतं, म्हातारीला फोटोची हौस आहे.” त्यांनी झाकण परत लावलं. “माझ्याकडे नऊ मुली येतात. गाणं शिकायला येतात. बहिऱ्या बाईकडे कशाला येतील?”

“पण मग शिकवता कसं?”

“गळा बघते. सूर घसरायच्या आधी मान ताठ होते, खांदा वर येतो. चाळीस वर्षं तेच बघितलंय.”

जयाला ते पटलंही नाही आणि खोटंही वाटलं नाही. माणूस खोटं बोलताना तपशील फार देतो, हा तिचा अनुभव. बाईंनी तपशील दिले होते, पण विचारल्यावर. रविवारी शेवटची बैठक मंजुळाबाईंची आहे, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. दोघी एका गुरूकडे, एका सतरंजीवर शिकल्या. मंजुळाबाईंना आता प्रवास झेपत नाही; यापुढे त्या ठाण्याला येतील असं वाटत नाही. तान घ्यायच्या आधी त्यांची डाव्या हाताची बोटं कशी एकेक उघडतात ते सुहासिनीबाईंना तोंडपाठ होतं. ते एकदा बघायचं होतं, बस.

जयाने मान हलवली आणि काउंटरकडे बोट दाखवलं. नियम तो नियम. बाईंनी हट्ट केला नाही. कॅमेरा जमा करून त्या आत गेल्या.

त्या संध्याकाळी जया पुन्हा खांबाआड उभी राहिली. आता तिला कालचंच सगळं वेगळं दिसत होतं. लोक दाद देत तेव्हा बाईंची मान हलायची, पण निमिषभर उशिरा. टाळ्या वाजल्या की त्या वाजवायच्या, थांबल्या की दोन टाळ्या जास्त व्हायच्या. मध्यंतरात विशीबाविशीची एक मुलगी येऊन त्यांना वाकून नमस्कार करून गेली, शेजारी बसून अर्ध्या अंधारात बराच वेळ काहीतरी सांगत राहिली, आणि बाई प्रत्येक वाक्याला हसून मान डोलावत राहिल्या. मुलीचं तोंड सावलीत होतं. बाईंना त्यातलं अक्षरही कळत नसणार.

जयाला परशुराम आठवला. तिचा नवरा. डोंबिवलीच्या एमआयडीसीतली त्याची कंपनी बंद पडली, तरी सात महिने तो रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होता आणि संध्याकाळी दमून परत येत होता. घरात काही कमी पडू दिलं नव्हतं त्याने. जयाला कळलं ते शेजारणीकडून. तिने त्याला खडवलीला नदीकाठच्या एका दगडावर बसून डबा खाताना पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तो घरी आल्यावर जयाने त्याच्या हातातली पिशवी हिसकावून भर चाळीच्या गॅलरीत उलटी केली आणि ओरडून विचारलं होतं की कुठल्या कंपनीत जातोस ते सांग. सगळी चाळ दारात आली. परशुराम वाकून डब्याची झाकणं गोळा करत राहिला. पुढे त्याला दुसरं काम मिळालं, बरी वर्षंही गेली. पण गॅलरीतून तो कधी मान वर करून चालला नाही. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने लपवलं याचा राग जयाला इतकी वर्षं येत होता. आपण ते कसं उघडं केलं, याचा विचार तिने फारसा केला नव्हता.

रविवारी बाई रांगेत आल्या तेव्हा जयाने त्यांना आडोशात नेलं. आज ती आधीच स्कार्फ खाली करून बसली होती. तिने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, भिंग काढायला लावून त्यातून आभाळ बघितलं. मग शाल झटकली, पर्स उलटी केली, पदर चाचपला, चपला काढायला लावल्या. शेवटी अंबाड्यातही बोटं घातली. बाईंनी मान खाली करून अंबाडा पुढे केला. कुठेच काही नव्हतं. जयाने कॅमेरा साडीच्या फडक्यात गुंडाळला, शालीखाली ठेवला आणि पिशवीची चेन स्वतः लावली.

“कळ दाबायची नाय,” ती ओठ मोठे करून म्हणाली. “आवाज होतो. तुम्हाला कळणार नाय.”

बाईंनी तिचा हात क्षणभर दाबला आणि त्या गेल्या.

पुढचे तीन तास जयाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. फसलो तर नाही ना, हा किडा डोक्यात वळवळत होता. सगळं रचलेलं असलं तर? ओठांवरून बोलणं ओळखणं काय, गळा बघून शिकवणं काय. डिसेंबरातलं ते बाळही खरंच झोपलेलं होतं. दोनदा ती आत जाऊन बघून आली. बाई डोळ्याला कॅमेरा लावून बसल्या होत्या, आणि मांडीवरचा हात आता एकदाही अडत नव्हता.

सव्वासातला, मंजुळाबाईंच्या आधीच्या मध्यंतरात, जे व्हायचं ते झालं. ॲपच्या कंपनीच्या माणसाला बाराव्या रांगेतलं लांब भिंग दिसलं. त्याने महोत्सवाच्या समितीतल्या विनीतला बोलावलं, विनीतने सुदेशला, आणि तिघं मिळून सुहासिनीबाईंना फाटकापाशी घेऊन आले. मागोमाग कालची ती मुलगी धावत आली. ती जागृती, बाईंच्या नऊ मुलींतली सगळ्यात जुनी. चहाच्या रांगेतले लोकही वळून बघायला लागले.

विनीत चाळिशीचा, ठाण्याचाच. बाईंना तो लहानपणापासून ओळखत होता, आणि त्यामुळेच जास्त चिडला होता. तुमच्यासारख्यांनी असं केलं तर कंपनीला आम्ही काय तोंड दाखवायचं, असं तो म्हणत होता, पण म्हणत होता सुदेशकडे बघत. बाई एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणाचं तोंड त्यांच्याकडे नव्हतं.

पिशवी कुणी तपासली, असं विनीतने विचारलं. जया पुढे झाली.

“मीच तपासली. नजर चुकली माझी,” ती म्हणाली. “यांचा दोष नाय. फलक बघितला नसेल त्यांनी.”

सुदेश तिच्याकडे बघतच राहिला. परवा जिच्यावर तिने स्वतः संशय घेतला होता, तिच्याच पिशवीत नजर चुकली? त्याने कॅमेरा उघडला, आणि तो रिकामा निघाला. तिथे हे मिटायला हवं होतं. उलट ते वाढलं. रिकामा कॅमेरा तीन तास डोळ्याला कोण लावून बसेल, असं कंपनीच्या माणसाने विचारलं. रोल काढून कुणाला तरी दिला असणार. मघाशी ही मुलगी बाईंजवळून उठून बाहेर गेली होती, त्याने स्वतः बघितलं होतं.

जागृती लालबुंद झाली. वॉशरूमला गेलेले, ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

“पर्स बघा हिची,” विनीत जयाला म्हणाला.

जयाचा हात पुढे झाला. अकरा वर्षांची सवय. जागृतीने पर्स छातीशी धरली, जयाने पट्ट्याला हात घातला, आणि ते मात्र सुहासिनीबाईंना दिसलं. बाकी कुणाचं काही कळलं नसलं तरी हे कळायला कानांची गरज नव्हती.

“थांबा,” त्या म्हणाल्या. आवाज फारच मोठा लागला. चहाच्या रांगेतले सगळे गप्प झाले. “मुलीला हात लावू नका. या बाईंनी माझी नीट झडती घेतलीय, अंबाड्यापर्यंत. कॅमेऱ्यात काही नव्हतं. मी त्यातून बघते. मला ऐकू येत नाही.”

बाईंना वाटलं असावं की लोकांना कळलं नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा, सावकाश सांगितलं. “मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली.”

जागृतीच्या हातातली पर्स खाली आली. ती बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. “म्हणजे माझं गाणं…”

“बघितलं,” बाई म्हणाल्या. “सगळं बघितलं.”

विनीतने हात जोडले. आधी का नाही सांगितलंत, पहिल्या रांगेत खुर्ची दिली असती, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला, आता बाईंकडे तोंड करून, फार मोठ्याने. बाईंनी ते वाचलं आणि मान हलवली. त्यांना पहिल्या रांगेत नेण्यात आलं. लोक वाटेतून बाजूला होत होते, आजारी माणसाला जागा द्यावी तसे. बाई ताठ चालत होत्या, पण कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हत्या. कॅमेरा मात्र काउंटरवरच राहिला. नियमाला दुसरा उपाय नव्हता, आणि पहिल्या रांगेतून त्याची गरजही नव्हती.

सुदेशने जयाला बाजूला घेतलं. चूक झाली असती तर कागदावर भागलं असतं, पण तिने जाणूनबुजून आत सोडलं होतं आणि वर खोटं सांगितलं होतं. कंपनीचा माणूस समोर उभा होता. सुदेश तिच्यावर चिडलाही नाही. ओळखपत्र मागून घेतलं आणि घरी जायला सांगितलं. निघता निघता एवढंच म्हणाला, “ताई, तुम्ही तर कुणावर विश्वास ठेवत नाय.”

“अजून पण नाय,” जया म्हणाली.

ती बसस्टॉपवर पोचली तेव्हा मैदानातून मंजुळाबाईंचा पहिला सूर ऐकू आला. मग सिग्नल सुटला, हॉर्न सुरू झाले, आणि त्यातलं काही उरलं नाही. कल्याणची बस पाऊण तास आली नाही.

एजन्सीने तिला काढलं नाही, पण कार्यक्रमांच्या कामावरून हलवलं. घोडबंदरलाच एका चौतीस मजली टॉवरच्या फाटकावर आता तिची ड्युटी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहायचं, फ्लॅटला फोन लावायचा. पिशव्या तपासायच्या नव्हत्या. सुरुवातीला तिच्या हातांना चुकल्यासारखं व्हायचं.

एप्रिलमध्ये नवीन गणवेश घ्यायला ती नौपाड्यात एजन्सीच्या ऑफिसात गेली. काम लवकर आटोपलं. काउंटरच्या वहीत दोन दिवस तिने जो पत्ता वाचला होता तो तिथून दोन गल्ल्यांवर होता. जायचं असं काही ठरवलं नव्हतं. बाई आपल्यामुळे उघड्या पडल्या की आपण त्यांच्यामुळे, हे तिला अजून उलगडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नऊ मुलींचं पुढे काय झालं, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कुणाच्या सांगण्यावर ती कधी गेली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं, फक्त जाळीचं लोटलेलं. बेलच्या बटणावर एक जाड कागद चिकटवला होता. वळणदार, ठसठशीत अक्षर: ‘मला ऐकू येत नाही. दार उघडं आहे. आत येऊन समोर उभे राहा.’ कागदावर प्लास्टिक लावलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

दाराबाहेर चपलांचा रॅक होता. लांबलचक, चार खणी. त्यात एकच जोड होता.

आत जागृती गात होती. एक छोटीशी ओळ, वर जाऊन परत खाली येणारी. सुहासिनीबाई तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि त्यांची दोन बोटं मुलीच्या गळ्यावर टेकलेली होती. जयाला गाण्यातलं काही कळत नव्हतं. मुलगी दयेपोटी येत असेल, असं तिच्या मनात आलंच. आठ गेल्या, एकीला जाववत नसेल. ओळ संपली.

“परत,” बाई म्हणाल्या.

मुलीने तीच ओळ परत म्हटली.

“परत.”

“बाई, बरोबर होतं आता.” मुलीच्या आवाजात चक्क वैताग होता.

“नव्हतं. वर जाताना गळा आवळलास. परत.”

मुलगी क्षणभर घुश्शात बसून राहिली. मग तिने पाठ सरळ केली आणि डोळे मिटले. जयाने जाळीच्या दाराला हात लावला नाही. ओळ चालू असेपर्यंत थांबायचं असं तिने ठरवलं. ती पायरीवर बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि ते धुळकट काळे बूट रॅकमधल्या त्या एका जोडाशेजारी नीट लावून ठेवले.